हेम्पसाठी दोन एकर राखून ठेवू का? अनुभवाने सांगतो, नका ठेवू

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि २०२१ चं खरीप डोळ्यासमोर आलं. तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत कालपर्यंत गांज्याच्या विरोधात बोलणारे पुढारी आता बाजूने बोलतात, म्हणजे आपल्याकडेही वर्ष-दोन वर्षात मोकळं होईल, मग यावलची दोन एकर हेम्पसाठी (म्हणजे धाग्यासाठी-बियांसाठी लावतात तो कमी नशेचा गांजा) राखून ठेवू का. मी चोपड्याकडे अगदी हेच केलं होतं. वकील नाही मी, कलमात काही चुकलं तर जाणकारांनी सांगावं.

२ डिसेंबर २०२० ला संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजा सगळ्यात कडक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ ने पास झाला, भारताने बाजूने मत दिलं. २०१७ ला मेनका गांधी मंत्री असताना औषधापुरती परवानगी द्या म्हणाल्या होत्या, २०१८ ला उत्तराखंडने हेम्प सुरू केलेला. मला वाटलं आता झालंच. मृगबागेसाठी (केळीची पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) टिश्यूची तीन हजार केळीची रोपं बुक होती ती कॅन्सल केली आणि एका ऑफिसात परवान्याचा अर्ज दिला.

आणि पोच घेतली नाही. हीच ती चूक. साहेबांनी कागद वाचला, टाचणी लावून फायलीत ठेवला, म्हणाले "वरून जीआर आला की कळवतो", मी गाडीला किक मारून घरी. मग दर पंधरा दिवसांनी चक्कर, कधी साहेब मीटिंगला, कधी "हे आमच्याकडे येत नाही, त्या ऑफिसला जा", तिथले परत इकडे पाठवणार. सप्टेंबरात साहेब बदलले आणि आवक रजिस्टरला माझा अर्जच नाही! राज्यात हेम्पचा परवाना नाही एवढी एक ओळ मे महिन्यात लेखी दिली असती तर केळी लागली असती ना भाऊ. दोन एकर वर्षभर पडीक, सोसायटीचं कर्ज अंगावर. आजही त्या रस्त्याने जाताना राग येतो.

पुढाऱ्यांचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, बोलणं बदलतं तेव्हा कायदा बदलतोच असं नाही. अमेरिकेचे जॉन बेनर २०११ ला तिथल्या प्रतिनिधी सभागृहाचे अध्यक्ष असताना कट्टर विरोधात, रिटायर झाल्यावर २०१८ ला गांज्याच्याच कंपनीच्या बोर्डावर. कमला हॅरिस २०१० ला कॅलिफोर्नियातल्या गांजा कायदेशीर करायच्या प्रस्तावाच्या विरोधात होत्या, २०२४ ला अध्यक्षपदाच्या प्रचारात कायदेशीर करू म्हणाल्या. तिथल्या गॅलपच्या सर्व्हेत १९६९ ला १२ टक्के लोक बाजूने होते, २०२३ ला ७० टक्के, त्यामागे पुढारी चालले. आणि उलटंही होतं. थायलंडने जून २०२२ ला मोकळं केलं, लोकांनी धडाधड लावलं, सरकार बदललं तशी भाषा बदलली आणि जून २०२५ ला डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री बंद. लावणाऱ्यांनी काय करायचं? आपल्याकडे हिमाचल बघा, २०२३ ला समिती, सप्टेंबर २०२४ ला विधानसभेचा ठराव, २०२५ उजाडलं तरी विद्यापीठात अभ्यास करायचंच ठरत होतं.

अंमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एनडीपीएस १९८५, त्याच्या कलम १० आणि १४ खाली सरकार परवानगी देऊ शकतं, पण दिल्याशिवाय लावलं तर कलम २०, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. हेम्पचं बी खायला ऑनलाइन मिळतं म्हणून ते पेरायला चालतं असं अजिबात नाही. शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी कपाशी-तुरीत लावलेला गांजा पोलीस उपटतात तेव्हा बांधावर कोणी टीएचसी (नशा आणणारा घटक) मोजत बसत नाही, आधी सातबारा कोणाचा ते बघतात.

तरी विचारायचंच असेल तर अर्ज दोन प्रतीत न्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, महिन्यात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार टाका. पण शेत अडकवू नका त्यासाठी. विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहतं ते सांगा, केळीची मृगबाग जमेल की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) ते बघू, रोपांचं बुकिंग लवकर करावं लागतं.