घरकामाच्या बाईच्या पगारातून पीएफ आणि कर कापावा लागतो का?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात पर्वरीला आईसोबत दिवसभर राहायला बाई ठेवली आहे, वय 35, पगार 18 हजार, आणि अमेरिकेतला भाऊ म्हणतो की कर कापून सरकारात भरला नाहीस तर पुढे अडकशील.

भाऊ सांगतो ते तिथं खरं आहे. अमेरिकेत 2025 साली घरकामाच्या माणसाला वर्षात 2,800 डॉलर किंवा जास्त रोख मजुरी दिली, की सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे (म्हणजे तिथली पेन्शन आणि म्हातारपणचा आरोग्य विमा) 7.65 टक्के मालकाने भरायचे आणि तेवढेच कामगाराच्या वाट्याचे. आपल्याकडे पीएफ 20 किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला लागतो, ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, साधारण 10 पासून. आईचं घर त्यात कुठेच बसत नाही.

टीडीएस? पगारावरचा कर कापायची जबाबदारी देणाऱ्याची असते खरी, पण कर लागत असेल तर. वर्षाचे 2 लाख 16 हजार, चवथीला एक पगार जादा दिलात तर 2 लाख 34 हजार. नव्या करपद्धतीत 4 लाखांपर्यंत कर शून्य. त्यामुळे कर कापणाऱ्याला लागणारा टॅन नंबर काढायच्या भानगडीत पडू नका. व्यवसाय कर महाराष्ट्रात आहे, गोव्यात नाही.

म्हणजे तिच्या पगारातून एक रुपयाही कापायचा नाही. हे मुद्दाम लिहितो. मी म्हापशात छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो आणि 'पीएफचे म्हणून' दरमहा पैसे बाजूला ठेवणारी घरं पाहिली आहेत. ते पैसे कुठल्याही खात्यात जात नाहीत, मालकाच्या कपाटात राहतात. बाई काम सोडते तेव्हा भांडण ठरलेलं.

त्यापेक्षा तिच्या नावावर काहीतरी उभं करा. 15 हजारांपर्यंत कमाई असलेल्यांसाठी श्रमयोगी मानधन योजना आहे, पण तुमचा पगारच त्याच्या वर गेला. अटल पेन्शन मात्र चालेल. 35 व्या वर्षी सुरू केली तर महिना 902 रुपये, आणि साठीनंतर महिना 5,000 पेन्शन. हप्ता तिच्याच बचत खात्यातून जातो, म्हणून तेवढी रक्कम तुम्ही पगाराच्या वर टाका. त्याच बँकेत वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि 436 रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा निघतो. दोन्ही मिळून पाचशेच्या आत, आणि लोक एवढंही करत नाहीत! ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी, फुकट निघतं, आधारला मोबाइल जोडलेला असला की झालं. ती गोव्यात पाच वर्षं राहत असेल तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्डही बघा.

पगार बँकेतून किंवा यूपीआयने द्या. एका कागदावर कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, पगाराची तारीख लिहून दोघांच्या सह्या करा. उचल दिली तर तीही त्याच दिवशी वहीत. 18 हजार पुरेसे की कमी हे तासांवर ठरतं. रात्री आईला उठवायला-बसवायला तीच उठत असेल तर ती दिवसभराची बाई राहिली नाही, हे तुमच्या भावालाही सांगा. किमान वेतनाचा चालू दर पाटो, पणजीच्या श्रमशक्ती भवनात विचारता येतो.

घरकामगारांसाठी देशपातळीवर स्वतंत्र कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये केंद्राला त्याचा विचार करायला सांगितलं. पण लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा घरकामाच्या बाईलाही लागू आहे, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

बाई एजन्सीमार्फत आली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मालक एजन्सी. बिलात पीएफ, ईएसआय लावलं असेल तर बाईचा यूएएन (पीएफ खात्याचा नंबर) आणि ईएसआय नंबर मागा, आणि तिच्या हातात नेमके किती पडतात ते तिलाच विचारा.