पैसे वडिलांचे, पॉलिसी तुमची

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी ४४ वर्षांचा, खासगी कंपनीत नोकरीला. वडील ७३, राज्य सरकारी नोकरीतून निवृत्त, पेन्शन ४२ हजार. आई ६९, गृहिणी. घर स्वतःचं आहे, दोघांचा खर्च महिना ३८ हजारांच्या आसपास. बाबांच्या नावावर बँकेत २२ लाखांच्या एफडी आहेत आणि १४ लाख एका पतसंस्थेत साडेनऊ टक्क्यांनी. यातले २५ लाख म्युच्युअल फंडात टाकून १२ टक्के परताव्याच्या हिशेबाने महिना २५ हजारांची एसडब्ल्यूपी (फंडातून दरमहा ठरावीक रक्कम काढण्याची सोय) लावावी, असा माझा विचार आहे. मुद्दल तसंच राहील. पण पैशांचा विषय काढला की बाबा 'मी अजून जिवंत आहे' म्हणून चिडतात. त्यांना कसं पटवू? बाकी काळजी नाही. दोन वर्षांपूर्वी बँकेतल्या मॅडमनी त्यांना एक गॅरंटीड योजना करून दिली. वर्षाला ४ लाख, १० वर्षं भरायचे, २० वर्षांनी दुप्पट. बाबांचं वय बसत नव्हतं म्हणून ती माझ्या नावावर घेतली, हप्ता त्यांच्या खात्यातून जातो. तिसरा हप्ता दोन महिन्यांवर आहे. बहिणीला यातलं काही सांगितलेलं नाही, विनाकारण विषय नको म्हणून."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर लवकर देऊन टाकतो, कारण खरी अडचण "बाकी काळजी नाही" या वाक्यानंतर सुरू होते.

एसडब्ल्यूपी लावू नका. १२ टक्के ही सरासरी असते आणि ती दरवर्षी जानेवारीत हजर होत नाही. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या घरात असलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या आसपास होता. असा काळ सुरुवातीलाच आला तर २५ लाखांचे नऊ-दहा उरतात आणि त्यातून वर्षाला ३ लाख काढणं चालूच राहतं. मग बाजार वर येतो तेव्हा वर यायला मागे फारसं काही शिल्लक नसतं. पण हे सगळं बाजूला ठेवा. पेन्शन ४२ हजार, खर्च ३८ हजार. त्यांना महिना २५ हजार हवेत कशाला? ही गरज त्यांनी सांगितली की तुम्ही ठरवली? सरकार महागाई भत्त्यासह पेन्शन देत असताना तुम्ही त्यांच्यासाठी शोधलेलं उत्पन्न हे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आता त्या 'योजने'कडे वळू. ती योजना नाही, विमा पॉलिसी आहे. विमा तुमच्या आयुष्यावर आहे, बाबांच्या नाही.

वर्षाला ४ लाख, १० वर्षं, म्हणजे ४० लाखांची बांधिलकी. दोन हप्ते गेले, ३२ लाख भरायचे आहेत. बाबांकडे उरलेत ३६ लाख. म्हणजे ७३ वर्षांच्या माणसाची जवळजवळ सगळी शिल्लक पुढच्या आठ वर्षांत एका पॉलिसीत जाणार आहे. ती पिकेल तेव्हा बाबा ९१ वर्षांचे असतील आणि आई ८७. "२० वर्षांनी दुप्पट" ऐकायला गोड लागतं. हिशेब केला की परतावा निघतो साडेचार टक्के. बाबांची साधी एफडी यापेक्षा जास्त देते आणि अडीअडचणीला मोडताही येते. ही पॉलिसी त्यांना विकणाऱ्या बाईंना हा आकडा माहीत नसेल तर त्या खुर्चीवर त्यांनी बसू नये, आणि माहीत असेल तर मुळीच बसू नये.

घरचा ताळेबंद मांडू. पेन्शनमधून खर्च जाऊन वर्षाला अर्धा लाख उरतो. ठेवींवर सगळं धरून व्याज पावणेतीन ते तीन लाख. म्हणजे हातात साधारण साडेतीन लाख, आणि हप्ता चार. कुणी आजारी पडलं नाही, घराला रंग लावला नाही, तरी दरवर्षी मुद्दलातून पन्नास-साठ हजार जातात.

यापुढचा हिशेब कुणालाच करायचा नसतो, म्हणून मीच करतो. बाबांच्या माघारी आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, आजच्या पेन्शनच्या साधारण ६० टक्के, म्हणजे २५ हजार. एकट्या माणसाचा खर्च निम्मा होत नाही. वीज, घरकामाची बाई, सोसायटीचा मेन्टेनन्स तेवढाच राहतो. महिना ३० हजार धरा. व्याज मिळवून तिचं स्वतःचं बरं भागेल, वर्षाला दोन-सव्वादोन लाख उरतीलही. पण हप्ता मात्र चार लाखांचाच. तो कोण भरणार? आईच्या मुद्दलातून तुम्ही भराल? का तुमच्या पगारातून? का तिथेच सोडून द्याल आणि तोवर भरलेल्या लाखांवर पाणी?

आता पैसे कुणाचे होतात ते बघा. पॉलिसी तुमच्या नावावर, म्हणजे मुदत संपल्यावर ८० लाख तुमच्या हातात. तुम्हाला काही झालं तर ते नॉमिनीला. नॉमिनी कोण, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक तुमची पत्नी असणार. विमा कायद्यात २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर पती-पत्नी, आईवडील किंवा मुलं यांपैकी कुणी नॉमिनी असेल तर रक्कम त्याच्याच मालकीची होते. बँकेच्या ठेवीत नॉमिनी नुसता विश्वस्त असतो आणि वारसांना हिस्सा मागता येतो, तसं इथे नाही. म्हणजे तुमच्या आईवडिलांची आयुष्यभराची शिल्लक हळूहळू तुमच्या नावावर सरकते आहे. आईचा त्यावर हक्क नाही, बहिणीचा नाही, आणि बहिणीला तर पत्ताच नाही. तुमच्या मनात पाप आहे असं मी म्हणत नाही. पण दहा वर्षांनी हा कागद तिच्यासमोर आला तर ती काय म्हणेल, याचा विचार आज करा. "विनाकारण विषय नको" हे वाक्य तेव्हा फार वाईट ऐकू येईल.

वडील पैशांबद्दल काही बोलत नाहीत, अशी तुमची तक्रार आहे. तुम्ही तरी घरात काय बोललात? त्यांच्याकडून कपाटाच्या किल्ल्या मागण्याआधी स्वतःचा कागद टेबलावर ठेवा.

ते चिडतात याचं कारण मला फारसं गूढ वाटत नाही. आजवर तुम्ही विषय काढलात तो त्यांचे पैसे हलवण्यासाठी. आधी बँकेने हलवले, आता मुलगा म्हणतो मी हलवतो. शिवाय अशा घरांत मी वारंवार पाहतो की फसल्याची शंका वडिलांना कधीच आलेली असते. ज्यांनी जन्मभर पै-पैचा हिशेब वहीत लिहिला, त्यांना तिशीतल्या मुलीने गुंडाळलं हे मुलासमोर कबूल करणं जड जातं. मग राग हाच सोपा.

म्हणून सुरुवात "बाबा, तुमचे किती पैसे कुठे आहेत?" अशी करू नका. सुरुवात अशी करा: "बाबा, त्या पॉलिसीवर सही माझी आहे आणि मी ती न वाचता केली. आता वाचली. मला ती चुकीची वाटते. तुम्ही बघून सांगा." हे खरंही आहे. चूक तुमच्याकडे घेतली की त्यांना बचाव करावा लागत नाही. आणि तिसरा हप्ता थांबवायचा तर ऑटो डेबिट त्यांच्याच खात्यावर आहे, बँकेला सूचना त्यांनाच द्यावी लागेल. त्यांच्याशिवाय हे होणारच नाही, ही मला चांगली गोष्ट वाटते. निर्णय त्यांचा राहतो.

या बोलण्यात आई पहिल्या दिवसापासून हवी. आई चहा ठेवायला आत जाते आणि बाप-लेक बोलतात, असं नको. ज्या बाईला पुढची पंधरा-वीस वर्षं या पैशांवर काढायची आहेत तिलाच हिशेब माहीत नसणं हा आपल्याकडचा फार जुना आणि फार महाग पडणारा शिष्टाचार आहे. तिला एकच प्रश्न विचारा: उद्या बाबा आठवडाभर दवाखान्यात असले तर घरखर्चाला पैसे कुठून काढशील? उत्तर आलं नाही तर पहिलं काम तेच. पेन्शनचं खातं दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं करा. एटीएम कार्ड तिचं वेगळं घ्या आणि तिला ते वापरायला लावा. पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) तिचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का ते तपासा. माहेरचं नाव, एखादं चुकलेलं अक्षर, एवढ्यावरून कुटुंब निवृत्तिवेतन महिनोन्महिने अडकतं, आणि ती दुरुस्ती बाबा असताना करणं कितीतरी सोपं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी जाल तेव्हाच हे विचारून घ्या. तो प्रसंग नेहमीचाच असल्याने कुणाला खटकणार नाही.

पहिल्या बैठकीत सल्ला देऊ नका, ओटीपी-पासवर्ड मागू नका, मोबाइलवर त्यांच्या ठेवींचे फोटो काढत बसू नका. यादी त्यांना त्यांच्या अक्षरात, त्यांच्या वहीत करू द्या. वही त्यांच्याकडेच राहू दे. ती कुठे असते एवढं आईला आणि तुम्हा दोघा भावंडांना माहीत असलं की पुरे. हो, दोघांना. बहिणीला बोलवा, लांब असेल तर फोनवर घ्या.

मृत्युपत्राचा विषय त्याच दिवशी काढू नका, पण वर्षभर टाळूही नका. त्याला स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. आणि "कुलमुखत्यारपत्र करून ठेवू म्हणजे झालं" असं कुणी सुचवलं तर लक्षात ठेवा: आपल्याकडचं मुखत्यारपत्र देणारा माणूस गेला की संपतंच, पण त्याचं मानसिक भान हरपलं तरीही संपतं. नेमकी ज्या दिवसांसाठी ते करून ठेवतात त्या दिवसांत ते चालत नाही. म्हणून खात्यांवरची जोड-नावं आत्ताच महत्त्वाची.

पॉलिसीतून बाहेर पडण्याचं गणित. घेतल्यानंतर परत करण्याची मुदत कधीच उलटली. विमा कंपनीकडून लेखी तीन आकडे मागवा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती, हप्ते थांबवून पेड-अप, म्हणजे भरलेल्या हप्त्यांपुरतीच चालू, ठेवली तर मुदतीअखेर किती, आणि पूर्ण चालवली तर हमी असलेली रक्कम किती. शेवटच्यात 'अपेक्षित' बोनस धरू देऊ नका. अशा पारंपरिक पॉलिसीत दोन हप्त्यांनंतरचं हमी सरेंडर मूल्य सहसा भरलेल्या रकमेच्या ३० टक्के, म्हणजे ८ लाखांचे २ लाख ४० हजार. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी जास्त मिळू शकतं, तुमची पॉलिसी त्या आधीची की नंतरची ते कागदावर बघा. साडेपाच लाख बुडाले म्हणून जीव कळवळेल. कळवळू दे. पुढचे आठ हप्ते सात टक्क्यांच्या ठेवीत टाकले तर पॉलिसी पिकण्याच्या वर्षी ८५ लाखांच्या वर जातात. पॉलिसी देते ८०. भरलेले ८ लाख शून्य धरूनही बाहेर पडणारा पुढे. दर सहावर आला तरी सरेंडरचे पैसे मिळवून तुम्ही किंचित पुढेच असता, आणि पैसे दरम्यान तुमच्या हाताशी.

विमा असताना 'गॅरंटीड योजना' म्हणून सांगितलं, वयाचं कारण देऊन मुलाच्या नावावर घ्यायला लावली, हप्ता निवृत्तीच्या शिलकीतून: ही चुकीच्या विक्रीची तक्रार होते. आधी विमा कंपनीकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर विमा लोकपालांकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिला तर वर्षाच्या आत जावं लागतं. जिंकालच असं नाही, कारण अर्जावर सही तुमची आहे आणि पडताळणीच्या फोनवर तुम्ही "हो, हो" म्हणाला असाल. तरीही करा.

पतसंस्थेबद्दल एकच. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्याही, प्रत्येक बँकेत ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेच्या ठेवींना ते नसतं, एक रुपयाचंही नाही. दोन-अडीच टक्के जास्त व्याजासाठी १४ लाख तिथे ठेवणं मला पटत नाही. मुदत संपेल तशी रक्कम काढून घ्या.

ते पैसे आणि बँकेच्या एफडी पिकतील तशा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जाऊ द्या. व्याज सध्या ८.२ टक्के, पाच वर्षांसाठी तोच दर, पैसे दर तिमाहीला खात्यात, एका व्यक्तीला मर्यादा ३० लाख. १५ लाख आईच्या स्वतःच्या नावावर ठेवा: तिला तिमाहीला ३० हजारांच्या वर तिच्याच खात्यात येतील. ते व्याज करासाठी बाबांच्या उत्पन्नात धरलं जाईल, पण नव्या करप्रणालीत त्यांचं एकूण उत्पन्न १२ लाखांच्या खूप खाली असल्याने फरक पडत नाही. कर वाचवण्यासाठी ती पॉलिसी घेतली असं मॅडम म्हणाल्या असतील तर तेही इथेच संपलं. सहा-सात लाख साध्या एफडीत, दोघांच्या नावावर, दवाखान्यासाठी राहू द्या. म्युच्युअल फंडाची एवढी हौस असेल तर ती स्वतःच्या पगारातून भागवा, तुमच्याकडे वेळ आहे.

हप्त्याला दोन महिने आहेत. या रविवारी बाबांशी बोला, त्यानंतर कंपनीला पत्र, मग बँक. क्रम उलटा करू नका: बँकेतून त्यांना आधी फोन गेला, तर "मुलगा पैसे काढायला निघालाय" हे त्यांना बँकेकडून कळेल.