ऑस्बोर्नची बाग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जुलैत लेकीकडे साउदम्प्टनला जातोय. ऑस्बोर्न हाउससाठी एक दिवस पुरेल का?

पुरेल, पण सकाळी लवकर निघा. आइल ऑफ वाइट बेटावरच्या ईस्ट काउझची फेरी साधारण तासाभरात पोचवते, तिथून राणी व्हिक्टोरियाचा हा वाडा जवळच आहे. बहुतेक मंडळी महालातच दमतात आणि बागेसाठी पायांत त्राण उरत नाही. पंजाबच्या भाई रामसिंग यांनी नक्षीकाम केलेली दरबार रूम जरूर पाहा, बाकीची दालने भराभर उरका आणि खाली उतरा.

बाग राणी व्हिक्टोरियाने केली का?

मी तिला राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याचीच बाग म्हणेन. १८४५ मध्ये दोघांनी ही जागा विकत घेतली ती मुलांसह खासगीपणे राहता यावे म्हणून. समोरची सोलेंटची सामुद्रधुनी पाहून अल्बर्टला नेपल्सचा उपसागर आठवे. म्हणून तर हे इटालियन धाटणीचे मनोरे आणि समुद्राकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या गच्च्या. १८६१ मध्ये तो गेला. राणीने मात्र ही जागा सोडली नाही. १९०१ च्या जानेवारीत तिने इथेच प्राण सोडला.

नातवंडे आठ आणि अकरा वर्षांची आहेत. कंटाळतील का?

त्यांना थेट स्विस कॉटेजला न्या. १८५०च्या दशकात हे लाकडी घर राणीच्या नऊ मुलांसाठी उभारले. शेजारी प्रत्येकाचा स्वतःचा वाफा होता, आणि अवजारांवर, हातगाड्यांवर ज्याची त्याची आद्याक्षरे. भाजी मुलांनी स्वतः पिकवायची आणि अल्बर्टने ती बाजारभावाने विकत घ्यायची, असा रिवाज! कॉटेजमधल्या छोट्या स्वयंपाकघरात मुली रांधायलाही शिकल्या. त्या चिमुकल्या हातगाड्या पाहताना मला महालातल्या कुठल्याही झुंबरापेक्षा जास्त भरून येते. राजपुत्राच्याही नखांत माती जावी, असे वाटणारा बाप होता तो. वाफ्यांपाशी मुलांना घाई करू नका.

राजघराण्यातल्या नवऱ्यांच्या गुच्छातली मर्टलची डहाळी इथलीच ना?

हो. अल्बर्टच्या आजीने राणीला दिलेल्या गुच्छातली मर्टल इथे लावली होती. १८५८ मध्ये थोरल्या राजकन्येच्या विवाहात तिची डहाळी गुच्छात आली आणि २०११ मध्ये राजपुत्र विल्यमची वधू केट हिच्या गुच्छातही होती. झुडूप साधेच आहे, पांढऱ्या फुलांचे.

सासूबाईंचे गुडघे दुखतात. झेपेल का?

वाड्यापासून कॉटेजपर्यंत रमतगमत पंधरा-वीस मिनिटे लागतात. येताना चढ आहे, तेव्हा वाहनाची सोय आहे का ते फाटकावरच विचारून घ्या. नाहीच जमले तर वरच्या गच्चीवर बसवा. कारंजी, फुलांचे वाफे आणि पलीकडचा समुद्र तिथूनही दिसतो.