म्हाताऱ्या मांजरांसाठी नर्सने क्लिनिक चालवायचे, तर एका भेटीत काय-काय तपासावे?

भेटीला अर्धा तास ठेवा. पंधरा मिनिटांच्या भेटीत बराच वेळ मांजर शांत होण्यातच जातो. सगळ्यात आधी रक्तदाब, मग वजन, नखे, रक्त. क्रम उलटला की घाबरल्यामुळे रक्तदाब खोटाच चढलेला दिसतो. मांजराला ५ ते १० मिनिटे खोलीत रुळू द्या. कफची (रक्तदाब मोजायला बांधायच्या पट्टीची) रुंदी पायाच्या किंवा शेपटीच्या घेराच्या ३० ते ४० टक्के हवी. अरुंद कफ आकडा वाढवतो, रुंद कफ कमी दाखवतो. पहिले रीडिंग सोडून पुढच्या ५ ते ७ रीडिंगची सरासरी घ्या आणि कफ कुठे बांधला तेही लिहा, नाहीतर पुढच्या वेळी तुलना कशाशी करणार? वरचा आकडा १६० च्या पुढे गेला तर डॉक्टरांना कळवा.

वजन दरवेळी त्याच काट्यावर. ४ किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम घटले म्हणजे ५ टक्के गेले, पण मालकाला ते जाणवतही नाही. पाठीच्या कण्यावरून हात फिरवून स्नायू पाहा; पोट गुबगुबीत असूनही कणा टोचू शकतो.

लघवीची घनता (पाण्याच्या तुलनेत, पाणी म्हणजे १) १.०३५ च्या खाली आली तर मूत्रपिंडाची शंका, पण निदान डॉक्टरांचेच. ‘वयामुळे उडी मारत नाही’ हे वाक्य ऐकलेत की सांधेदुखीबद्दल नेमके प्रश्न विचारा.