उष्णतेने पारपटलाला आकार: चष्मा कायमचा सुटतो का?

प्रश्न: माझे वय ४८ असून दूरदृष्टिदोषामुळे मला अधिक दीड क्रमांकाचा चष्मा आहे. लेसरच्या उष्णतेने पारपटलाचा (डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक भागाचा, म्हणजे कॉर्नियाचा) आकार बदलून हा दोष जातो, असे वाचले. हे म्हणजे चष्मा घालवणारी लेसिक शस्त्रक्रियाच आहे का आणि परिणाम टिकतो का?

उत्तर: नाही, या दोन पद्धतींमध्ये मूलभूत फरक आहे. लेसिकमध्ये एक्सायमर लेसर पारपटलातील ऊती अत्यंत पातळ थरांनी काढून टाकतो. तुम्ही वाचलेल्या पद्धतीत मात्र काहीच कापले जात नाही. होल्मियम लेसरचे अवरक्त किरण पारपटलातील पाण्यात शोषले जातात, तेथील तापमान सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि कोलॅजन या प्रथिनाचे तंतू आक्रसतात. मध्यभाग सोडून, ६ ते ७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळांवर असे आठ-आठ ठिपके दिले, की कंबरपट्टा आवळावा तसा परीघ आवळला जातो, मध्यभाग किंचित फुगीर होतो आणि डोळ्याच्या आतील पडद्यामागे पडणारी प्रतिमा पडद्यावर येते.

कल्पना खरोखर सुंदर आहे, पण कोलॅजन हळूहळू पूर्ववत होऊ लागते आणि दोष बऱ्याच अंशी परततो. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००० साली मान्यता देताना ‘तात्पुरती सुधारणा’ असेच म्हटले होते आणि आज ही पद्धत जवळपास मागे पडली आहे. शिवाय चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसण्याचे कारण नेत्रभिंगाचा कडकपणा हे असते, तो याने जात नाही. तेव्हा नेत्रतज्ज्ञांकडून पारपटलाची जाडी व वक्रता मोजून घेतल्याशिवाय कोणताही निर्णय कृपया घेऊ नका.