शो कळला नाही, तरी मार्क कसे मिळाले?

प्रश्न : माझी मुलगी इथल्या हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये कलर गार्डला, म्हणजे झेंडे फिरवत नाचणाऱ्या तुकडीत आहे. यंदाच्या शोचं नाव ‘थ्रेशोल्ड’, म्हणजे उंबरठा. सगळा हंगाम आम्ही दोघं स्टँडमध्ये बसून शो पाहिला, पण तो कशावर आहे ते काही उमगलं नाही. शेवटी मुलीनेच घरी समजावलं, की गार्ड राखाडी झेंडे टाकून केशरी घेते तेव्हा उंबरठा ओलांडला जातो. बरं, आम्हाला कळलं नाही ते सोडा, पण स्पर्धेत जनरल इफेक्टला, म्हणजे शोच्या एकूण परिणामाला, मार्क चांगले! प्रेक्षकांना न समजणारी थीम घ्यायचीच कशाला? आणि जजना तरी ती समजते का, की तेही समजल्याचं सोंग आणतात? व्हिडिओ सोबत पाठवते आहे.
— एक गार्ड-आई, टेक्सास

उत्तर : ताई, व्हिडिओ पाहिला. आधी आवाजासकट, मग आवाज बंद करून. राखाडीचे केशरी होतात ती जागा सापडली, बॅलडच्या, म्हणजे शोतल्या संथ गाण्याच्या, ऐन मध्यावर. त्या वेळी मैदानाच्या मधोमध, पन्नास यार्डांच्या रेघेवर एक मुलगी फ्लूगलहॉर्नवर सोलो वाजवते आहे आणि तिच्यामागे अख्खा ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं वाजवणाऱ्यांचा ताफा, अर्धवर्तुळात गुडघ्यावर बसला आहे. तुमच्या लेकीची तुकडी मात्र डावीकडे वीस यार्डांवर, प्रॉपच्या, म्हणजे मैदानात उभ्या केलेल्या देखाव्याच्या, आड. स्टँडमधला माणूस सोलोवालीकडे बघणार, की प्रॉपमागे वाकून झेंडे बदलणाऱ्या मुलींकडे? उंबरठा ओलांडला गेला तेव्हा घरातलं कुणीच दाराकडे बघत नव्हतं.

थीम कठीण होती म्हणून तुम्हाला कळली नाही, असं मला अजिबात वाटत नाही. उंबरठा ओलांडण्यात कळायला काय कठीण? बघायचं कुठे, हे शोने सांगितलं नाही, हा खरा घोळ. ‘आम्हाला थीम समजली नाही’ अशी तक्रार ज्या शोंबद्दल येते, त्यातल्या बहुतेकांचं दुखणं हेच असतं. डिझायनरच्या डोक्यात गोष्ट पूर्ण असते, मैदानावर ती भलत्याच कोपऱ्यात उरकली जाते.

मी कुणी तज्ज्ञ नव्हे, हे नव्या वाचकांसाठी सांगून ठेवते. मुलाच्या बँडचे प्रॉप मैदानात ढकलत नेणाऱ्या पालकांच्या फौजेतली मी. प्रॉप जागेवर लागले की आम्ही मागच्या साइडलाइनला जाऊन उभे राहतो. तिथून शो उलटा दिसतो, आणि समोर दिसतो तो भरलेला स्टँड. त्यामुळे मला शोपेक्षा प्रेक्षकांच्या माना जास्त पाठ आहेत. सगळ्या माना एकदम एकीकडे वळल्या की समजावं, डिझाइन चाललं. निम्म्या माना प्रोग्रामच्या पुस्तिकेत खुपसलेल्या दिसल्या की समजावं, कुठेतरी गडबड आहे.

आता मुख्य प्रश्न. प्रेक्षकाला थीम समजायलाच हवी का? माझं मत विचाराल तर, नाही. थीम ही आधी डिझाइन करणाऱ्यांची सोय असते. संगीत एक जण निवडतो, ड्रिल, म्हणजे मैदानावर कुणी कधी कुठे चालायचं ते, दुसरा लिहितो, गार्डचं काम तिसरीकडे, पोशाख आणि प्रॉप आणखी कुणाकडे. या सगळ्यांनी एकाच शोचा विचार करावा म्हणून एक शब्द लागतो. पुढे तोच शब्द शोचं नाव होतो, अनाउन्सर तो दणक्यात वाचून दाखवतो आणि बिचाऱ्या प्रेक्षकाला वाटतं, आता आपली परीक्षा आहे.

प्रेक्षकाला कळायला हव्यात त्या गोष्टी अगदी साध्या असतात. आत्ता कुठे बघू? हा आवाज आत्ताच का फुटला? मघाशी दिसलं होतं तेच आता बदलून परत आलं ना? एवढं जमलं की शोचं नाव काही का असेना.

ड्रम कोअरचे, म्हणजे ब्रास, ड्रम आणि गार्ड घेऊन उन्हाळ्यात स्पर्धा करणाऱ्या तरुणांच्या संघांचे, दाखले देते, कारण हायस्कूलचे बँड बघत असतात ते त्यांच्याकडेच. २००८ ची फायनल, ब्लूमिंग्टन, इंडियाना. रॉकफर्डच्या फँटम रेजिमेंटने ‘स्पार्टाकस’ केला होता. गुलाम, रोमन, बंड, मरण. शेंबड्या पोरालाही कळावी अशी गोष्ट. मैदानावरची मुलं ‘आय ॲम स्पार्टाकस’ म्हणून ओरडली, आणि स्टँडही ओरडला. पहिला नंबर त्यांचा. दुसऱ्या नंबरवर कॅलिफोर्नियाचे ब्लू डेव्हिल्स, आणि त्यांच्या शोचं नाव ‘कॉन्स्टंटली रिस्किंग ॲब्सर्डिटी’. आता या नावावरून काय डोंबल कळणार? पण मार्क बघा : ९८.१२५ आणि ९८.१००. त्या रात्रीचा हवाला देऊन ‘सोपी थीमच जिंकते’ असं कुणी म्हणालं की मी हा ०.०२५ चा फरक दाखवते. शिवाय चारच वर्षांनी तेच ब्लू डेव्हिल्स ‘कॅबरे व्होल्तेर’ घेऊन आले. १९१६ मध्ये झुरिकच्या ज्या छोट्याशा जागेत दादावादी कलाकारांनी अर्थालाच रजा दिली होती, त्या जागेवरचा शो. म्हणजे समजू नये हीच थीम. आणि जिंकले!

माझा लाडका दाखला मात्र हरलेल्या शोचा आहे. स्टार ऑफ इंडियाना, १९९३. मी तो रेकॉर्डिंगवरच पाहिला. दोन वर्षांपूर्वीचे विजेते, आणि शोला नाव काय दिलं तर बार्बर आणि बार्टोक या दोन संगीतकारांचं संगीत, बस्स. गंमत अशी, की त्यातल्या बार्बरच्या रचनेत आयती गोष्ट होती. मूळ संगीत त्याने १९४६ मध्ये मार्था ग्रॅहमच्या नृत्यासाठी लिहिलं, आणि विषय होता मीडिया : नवऱ्याने दगा दिला म्हणून सूडाने पेटलेली, पोटच्या मुलांचा जीव घेणारी ग्रीक पुराणातली बाई. दुसऱ्या कुणी मैदानात एक मीडिया उभी केली असती, तिच्या हातात सुरा दिला असता आणि टाळ्या घेतल्या असत्या. यांनी यातलं काहीही केलं नाही. नुसतं संगीत, आणि त्या संगीताएवढीच ताठ, कोनाकोनांत मोडणारी शरीरं. त्या उन्हाळ्यात काही ठिकाणी लोकांनी चक्क हुर्यो उडवली. फायनलला ९७.३, जिंकलेल्या कॅडेट्सना ९७.४.

आज तो शो ऐकताना मला हुर्योचं नवल वाटत नाही. आपल्याला काय दाखवतायत हे कुणी सांगितलंच नव्हतं. पण त्या रचनेतला सूडाचा नाच ऐका. खाली तीच ती आकृती कुटत राहते आणि वर ब्रासचा पारा चढत जातो. कुणाचं तरी डोकं फिरत चाललंय, एवढं कळायला मीडिया कोण हे ठाऊक असावं लागत नाही. त्यानंतर स्टारने ड्रम कोअरच्या स्पर्धाच सोडल्या, आणि त्याच मंडळींच्या ‘ब्लास्ट!’ या रंगमंचावरच्या शोला २००१ मध्ये ब्रॉडवेवर टोनी पुरस्कार मिळाला. ज्यांनी तेव्हा नाकं मुरडली होती, त्यांतलेही बरेच जण आता तो शो मैलाचा दगड मानतात.

याच्या अगदी उलट टोकाला कँटन, ओहायोचे ब्लूकोट्स. २०१६ चा ‘डाऊन साइड अप’. वळणदार रॅम्प, त्यावर चढणारी, तिथून घसरणारी मुलं. खालचं वर, वरचं खाली. थीम नावातच संपली, समजावण्यासारखं काही उरलंच नाही. त्यांचं पहिलं अजिंक्यपद त्याच शोला मिळालं. एका शोत गोष्ट मुळीच सांगितली नाही, दुसऱ्यात सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. पण नजर कुठे ठेवायची हा प्रश्न दोन्ही शो बघताना मला एकदाही पडला नाही.

आता जजांचं. सोंग म्हणणार नाही मी. पण त्यांना जी मदत मिळते ती तुम्हाआम्हाला मिळत नाही. इफेक्टचा जज वर प्रेसबॉक्समध्ये बसून, शो चालू असतानाच आपलं बोलणं रेकॉर्ड करत असतो. ड्रम कोअरमध्ये स्पर्धेनंतर ‘क्रिटिक’ होते, म्हणजे जज आणि डिझायनर समोरासमोर बसतात. हंगामाच्या सुरुवातीला जज विचारतो, ‘ते झेंडे तिकडे का बदलले?’ डिझायनर रंगवून सांगतो. पुढे तोच जज तोच शो पुन्हा बघतो, तेव्हा बरोबर वेळेवर त्याची मान वीस यार्डांकडे वळते. स्टँडमधल्या माणसाने तिकीट काढलेलं असतं एका रात्रीचं. म्हणून ‘जजना समजतंय ना, मग झालं’ असं एखादा डिझायनर म्हणाला की माझ्या कपाळावर आठी येते. समजणारच. तूच समजावलंस की!

तुमच्या शोवर इलाज आहे, आणि तो थीम बदलण्याचा नाही. सोलो संपतो आणि बसलेला ब्रास उठून उभा राहतो, तिथे आठ काउंटांची जागा आहे. पिटमध्ये, म्हणजे मैदानाच्या पुढच्या कडेला मांडलेल्या वाद्यांत, एक मरिंबा सोडला तर सगळं शांत. झेंडे तिथे बदलले, आणि तेही प्रॉपच्या पुढे येऊन, तर केशरी रंग आणि ब्रासचा पहिला सूर एकदमच उघडतील. सोलोवालीने वाजवता वाजवता त्या बाजूला चार पावलं टाकली तरी माना आपोआप वळतील. मात्र हे सांगायला तुम्ही स्वतः डिरेक्टरकडे जाऊ नका. पालकांकडून आलेल्या ड्रिलच्या सूचनांचं काय होतं ते मी पाहिलं आहे. लेकीला तिच्या गार्ड इन्स्ट्रक्टरला एवढंच विचारू द्या, ‘आम्ही झेंडे बदलतो तेव्हा लोक आमच्याकडे बघत असतात का?’

प्रश्न : थीम समजली नाही तर जज मार्क कापतात का? आमच्या ड्रमलाइनमध्ये सगळे म्हणतात, जजने डोकं खाजवलं की गेले दोन पॉइंट.
— एक स्नेअर ड्रमवाला, वय १९

उत्तर : अरे, कापाकापीचे दिवस गेले. १९८३ पर्यंत ड्रम कोअरमध्ये ‘टिक’ पद्धत होती. चूक दिसली की दशांश उडाला. १९८४ पासून मार्क वरून कापत नाहीत, खालून चढवत नेतात. शंभरातले चाळीस जनरल इफेक्टचे, तीस व्हिज्युअलचे, तीस संगीताचे. इफेक्टच्या कागदाला दोन बाजू असतात, काय रचलंय आणि ते कसं सादर केलंय. ‘थीम’ नावाचा रकाना नाही. शो डोक्याला, मनाला आणि डोळ्यांना किती धरून ठेवतो, हे जज बघतो. गोंधळलेल्या थीमचा फटका तिथे बसतो खरा, पण आडून : एकामागून एक प्रसंग येतात, एकाचा दुसऱ्याशी संबंध लागत नाही आणि जजच्या बोलण्यातला उत्साह ओसरतो. त्याची काळजी डिझायनरला करू दे. कागदाची दुसरी बाजू तुझी आहे. लाइनचे रोल एकसारखे वाजले तर थीम बटाट्यावर असली तरी चालेल.

प्रश्न : आमच्या बँडचा शो लोकांना कळत नाही अशी ओरड झाली, म्हणून डिरेक्टर स्पीकरवरून निवेदन घालणार आहेत. बूस्टरच्या, म्हणजे बँडला मदत करणाऱ्या पालकांच्या, मिटिंगमध्ये निम्मे बाजूने, निम्मे विरोधात. तुम्ही कुठल्या बाजूला?
— एक बूस्टर-बाबा, ओहायो

उत्तर : विरोधात. पण कारण ऐकून घ्या, नाहीतर मिटिंगमध्ये माझ्या नावावर भलतंच खपवाल.

ड्रम कोअरमध्ये २००४ पासून मैदानावर माइक आणि स्पीकर चालू लागले, आणि कोअरना वाचा फुटली. कॅडेट्सनी २००७ आणि २००८ मध्ये शोभर बोलून घेतलं. वाजवणारे तेच, नेहमीचे तगडे; पण त्या शोंचा विषय निघाला की चाहते अजूनही आधी बोलण्याबद्दल कुरकुरतात, मग ब्रासबद्दल बोलतात. उघड्या स्टेडियममध्ये स्पीकरचा आवाज घुमतो, शब्द एकमेकांवर चढतात, आणि नेमका ब्रास फॉर्टिसिमोला, म्हणजे पूर्ण जोरावर, येतो. अर्धं वाक्य ऐकू आलेला माणूस काहीच ऐकू न आलेल्यापेक्षा जास्त वैतागतो. त्याहून मोठी भानगड अशी, की निवेदन बहुतेक वेळा हंगामाच्या मध्यावर, ओरड झाल्यावर चिकटवलं जातं. वरातीमागून घोडं. ज्या जागी चित्र धूसर आहे ती जागा तशीच राहते, फक्त आता तिच्यावर कुणीतरी बोलत असतं.

डिरेक्टर हट्टालाच पेटले असतील तर दोन गोष्टी पदरात पाडून घ्या. बोलणं शोच्या सुरुवातीला, ब्रासने पहिला श्वास घेण्याआधी. आणि एकच वाक्य, ज्यात शोचं नाव येणार नाही. नाव अनाउन्सरने आधीच सांगितलेलं असतं.

त्याआधी, खर्च शून्य असलेला एक उपाय करून बघा. ज्याचं मूल बँडमध्ये नाही आणि ज्याने शो पाहिलेला नाही, असा शेजारी सरावाला आणून स्टँडमध्ये उंचावर बसवा. ‘काय कळलं?’ असं त्याला विचारू नका. माणूस ओशाळतो आणि काहीतरी ठोकून देतो. शो चालू असताना तो कुठे बघतो, ते ड्रिलच्या कागदावर सेटगणिक, म्हणजे मैदानावरच्या प्रत्येक रचनेगणिक, टिपत जा. त्याची नजर जिथे भरकटली ते सेट डिरेक्टरच्या टेबलावर ठेवा, आणि बूस्टरची पुढची मिटिंग तोपर्यंत लांबवा.