"मॅडम, माझ्यात काय कमी आहे ते सांगा फक्त"

मे महिन्यातली दुपार, पारा 45 च्या वर, आणि ती तोंडाला दुपट्टा गुंडाळून नागपूरजवळच्या हिंगण्याहून स्कूटीवर माझ्याकडे समुपदेशनाला आली होती. दुपट्टा सोडला, अर्धा लोटा पाणी प्यायली, आणि पहिलंच वाक्य, "मॅडम, माझ्यात काय कमी आहे ते सांगा फक्त." लाईट बिलाचा स्क्रीनशॉट शोधायला नवऱ्याचा मोबाईल घेतला तर हिस्ट्रीत पॉर्न साइट्स दिसल्या, रोजच्या नाही पण भरपूर. सिझर होऊन 14 महिने झालेले. ती ओढणी पोटावर ओढत म्हणाली, "टाके पडल्यापासून पोट असं लटकतं, म्हणूनच बघत असेल नं?"

(दोघांनाही विचारून लिहून राहिले आहे, ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या जणींनी विचारलाय की उत्तर आधीच सांगून टाकते, तुमच्या पोटाचा याच्याशी संबंध जवळपास नसतोच. लग्नाआधीपासून बघणारे लग्नानंतरही बघतात, बायको कितीही आवडत असली तरी. 2016 नंतर डेटा एवढा स्वस्त झाला की मोबाईल आणि एकटेपणा एवढंच पुरतं. आणि बायका पण बघतात हो, फक्त त्या सांगताना आवाज अजून खाली जातो. कोण बघतं यापेक्षा कधी बघतं, त्याच्या आधी काय झालेलं असतं, हे मी जास्त विचारते.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येकीला आधी विचारते, तिलाही विचारली, बघितलेलं तुझ्यावर जबरदस्तीने करून पाहतो का, तुझे व्हिडिओ काढतो का. तसं असेल तर ती गोष्टच वेगळी, तिथे समजून घ्यायला मी सांगत नाही. ती म्हणाली, "नाही जी, तो तर हातच लावत नाही."

मग तो आला. एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी, गुरुवारचा उपास, पोथी वाचणारा माणूस. पहिली वीस मिनिटं मान खालीच. त्याला वाटत होतं आपल्याला व्यसन लागलंय, सासरच्यांनी तर व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ताही काढून ठेवला होता. मी त्याला सांगितलं ते इथेही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी जानेवारी 2022 पासून लागू आहे, लैंगिक वर्तनावर ताबा न राहण्याचा विकार आहे, पण तो व्यसनांच्या खान्यात नाही, आवेग आवरता न येण्याच्या खान्यात आहे. आणि त्यासाठी बंद करायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसणं, काम, घर, तब्येत यांच्याकडे दुर्लक्ष होणं, हे साधारण सहा महिने किंवा जास्त चाललेलं लागतं. नुसतं पाप केल्यासारखं वाटतं म्हणून तो विकार ठरत नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. त्याची एकही ड्युटी चुकली नव्हती. त्याला खात होती ती लाज, आणि लाजेचं चक्र फार वाईट, शपथ घ्यायची, मोडायची, स्वतःची किळस करायची आणि ती किळस विसरायला परत मोबाईलच उघडायचा.

मी त्याला तीन आठवडे एका वहीत फक्त वेळ आणि त्याआधी काय झालं एवढंच लिहायला लावलं, बघू नको असं मुद्दामच म्हटलं नाही.

वही आली तेव्हा मला वाचवेना. बहुतेक सगळ्या नोंदी सेकंड शिफ्टच्या. रात्री 11 ला सुटायचं, बाराला घरी, सगळे झोपलेले, ताटावर ताट झाकून ठेवलेलं, थंडगार भाजी. घरात कूलर एकच, त्यामुळे उन्हाळाभर सासू, ती आणि बाळ कूलरच्या खोलीत आणि हा समोरच्या खोलीत पंख्याखाली. वीकली ऑफच्या दिवशी एकही नोंद नाही. नागपुरात ही कूलरची भानगड किती घरांत असेल, नवराबायकोला चार महिने दाराआड बोलायलाच जागा नाही, आणि याला कोणी कारण म्हणून मोजत नाही.

अजून एक होतं, ते फार उशिरा बाहेर आलं. बाळ झाल्यावर दोनदा जवळ जायचा प्रयत्न केला आणि त्याला जमलं नाही. तिने काही म्हटलं नाही, तोही काही बोलला नाही, तिला वाटलं मी आवडत नाही, त्याला वाटलं हिला आता माझी कीव येते. "मॅडम, मोबाईलमध्ये कोणी बघत नाही नं आपल्याला जमलं का नाही ते," असं म्हणाला तो, आणि रडला. त्याला आधी डॉक्टरकडे पाठवलं, कारण ताठरतेची अडचण कधी कधी शुगर, बीपी किंवा रक्तवाहिन्यांच्या त्रासाची पहिली खूण असते, उगाच मनाचं म्हणून सोडून देऊ नये. रिपोर्ट नॉर्मल आले, उरलं टेन्शन.

जोडीने बसवलं तेव्हा वही त्याने स्वतःच तिच्या हातात दिली. तिने दोन पानं वाचली आणि एकदम चिडून म्हणाली, "मग काहून उठवत नव्हते मला?" तो म्हणाला, "तू दिवसभर पोराच्या मागे दमलेली असते." ती म्हणाली, "अन् मी जागीच असायची कितीदा, गेटचा आवाज ऐकून." दोघंही गप्प. मी पण गप्पच बसले, अशा वेळी मधे बोललं की सगळं सांडतं.

पुढचं काम साधं होतं पण वेळ लागला. जुना का होईना दुसरा कूलर आला, सासूबाईंना मीच कारण सांगितलं, बाळाची झोपमोड होते म्हणून. दोन महिने संबंध ठेवायचेच नाही, फक्त जवळ झोपायचं, हात धरायचा, पाठ चोळायची, म्हणजे जमलं की नाही जमलं हा प्रश्नच उरत नाही. जेवण तो स्वतः गरम करायचा, ती उठायची तर मनाने, ड्युटी म्हणून नाही.

दिवाळीच्या आधी शेवटचे आले. ती सांगत होती की ताटाजवळ बसल्या बसल्या दोनदा तिला झोपच लागली आणि त्याने तिथेच चादर टाकली. तो म्हणाला, मागच्या आठवड्यात एकदा बघितलं, आणि हे हिला सकाळीच सांगून टाकलं. मी तिच्याकडे बघितलं. "राग आला होता," ती म्हणाली, "पण पोट नाही झाकलं मी."